तात्यांच्या पोटातली नळी

स्ट्रेचर थडथडत होतं. ब्रेक मी स्वतः लावला होता, तरी लोखंड वाजत होतं, कारण वरच्या माणसाला इतकी हुडहुडी भरली होती. चार ब्लँकेटं घातली तरी दात वाजायचे थांबेनात. मी तोंडावरचं ब्लँकेट बाजूला केलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगो बाय! तात्या, तुमी?"

डोळे पिवळेजर्द. ओठ सुकलेले. तरी माणूस हसला.

"थंडी बाधली गो सिस्टर," तात्या म्हणाले. "तीन राती उघड्यार झोपलंय ना."

थंडी कसली डोंबलाची! ताप एकशे तीन होता आणि वरचं ब्लडप्रेशर ऐंशीच्या खाली चाललं होतं. पित्ताच्या नळीत पू झाला की माणूस असाच थडथडतो. एकोणीस वर्षं मी एंडोस्कोपी रूमची सिस्टर आहे, ही थंडी मला दारातून ओळखता येते. आणि ह्या माणसाला तर तीन महिन्यांपूर्वी मीच हसत हसत घरी पाठवलं होतं. "खडो होतो तात्या, आता वाट मोकळी झाली," असं सांगून.

खडा नव्हता. कॅन्सर होता.

हे आधी नीट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या लिव्हरमध्ये पित्त तयार होतं आणि एका नळीतून आतड्यात उतरतं. ही नळी उतरताना स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. त्या डोक्यात गाठ झाली की नळी बाहेरून आवळली जाते. पित्ताला वाट मिळत नाही, ते रक्तात उलटं चढतं. मग डोळे पिवळे, लघवी पिवळी, आणि खाज अशी की माणसाला झोप नाही. सप्टेंबरात तात्या आले ते पाठ खाजवून खाजवून रक्ताळलेली घेऊन. वय सहासष्ट, भातशेती आणि काजूचा डोंगर, आयुष्यात कधी इंजेक्शन घेतलेलं नाही.

आमच्याकडे दर शनिवारी गोव्याहून डॉक्टर कामत येतात. पोटाच्या दुर्बिणीचे डॉक्टर. त्यांनी ईआरसीपी केली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्ताची नळी आतड्यात उघडते तिथपर्यंत जाऊन, आवळलेल्या जागेतून प्लास्टिकची बारीक नळी सरकवली. स्टेंट म्हणतात तिला. जाडीला बॉलपेनच्या रिफिलएवढी. पित्त वाहायला लागलं, दोन आठवड्यांत डोळे पांढरे झाले, खाज गेली. पण ही नळी तीनेक महिन्यांत गाळाने भरते. ती बदलावीच लागते. नाही बदलली तर आत पित्त कुजतं.

त्याच आठवड्यात तपासण्यांचे रिपोर्ट आले. गाठीने रक्तवाहिनीला वेढा घातला होता. ऑपरेशन होणार नव्हतं. केमोथेरपी देऊन गाठ थोपवायची, एवढंच हातात होतं.

तात्यांचा मुलगा महेश, तालुक्याच्या ऑफिसात क्लार्क. त्याने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "सिस्टर, बाबांना काही बोलू नका. खचतील ते. केमोचं नंतर बघू, ती दिली तर त्यांना कळणारच."

असं म्हणणारी माणसं मी शेकड्याने पाहिली आहेत. मी मान हलवली. आणि डिस्चार्जच्या दिवशी तात्यांनी विचारलं, "काय होता गो माका?" तेव्हा खडा हा शब्द माझ्याच तोंडून आला. महेशने तो सांगितला नव्हता, सरांनी सांगितला नव्हता. मला वाटलं, चांगलं केलं. म्हातारा खूश होऊन घरी गेला.

माझ्याकडे एक वही आहे. कोणाला कुठली नळी घातली, कधी बदलायची, सगळं त्यात. तारखेच्या आठ दिवस आधी मी स्वतः फोन करते. डिसेंबरात तात्यांना केला. फोन त्यांनीच घेतला.

"खडो गेलो, कावीळ उतारली. आता नळी बदलूची कशाक?"

"बदलूक व्हयी तात्या. ती भरता."

"भरांदेत. माका काय्येक होना नाय. हंय गावपळण आसा, ती झाल्यार बगूया."

आता काय बोलणार? खरं कारण सांगायला तोंड नव्हतं, कारण खोटं मीच सांगून ठेवलं होतं. "नक्की या हां," एवढं म्हणून मी फोन ठेवला. महेशला केला, तर तो म्हणाला, "सिस्टर, जास्त जोर केला तर त्यांना संशय येईल."

आमच्याकडच्या काही गावांत गावपळण असते. तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन अख्खं गाव वेशीबाहेर राहायला जातं. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. गावात एक चूल पेटत नाही. बाहेर झावळ्यांच्या झोपड्या बांधतात, भजनं होतात, मुंबईहून भावकी झाडून येते. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, देवाने हो म्हटलं की घरी. डिसेंबरची थंडी आणि खाडीचं वारं. तात्यांना पहिल्याच रात्री हुडहुडी भरली. सगळे म्हणाले, उघड्यावर झोपल्यामुळे. काढा दिला, शेकोटीजवळ बसवलं. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. अर्ध्या गावाला सर्दी झाली होती, त्यात ह्यांची थंडी वेगळी कोण समजणार? चौथ्या दिवशी सकाळी ते उभेच राहीनात, तेव्हा महेशने टेम्पोत घातलं. वाटेत कसाल गाव सोडल्यावर बडबडायला लागले म्हणे.

तर असे तात्या माझ्यासमोर थडथडत होते आणि वार होता शुक्रवार.

आमच्या फिजिशियन परब मॅडमनी दोन्ही हातांना सलाइन लावलं, अँटिबायोटिक सुरू केलं. "सिस्टर, औषधांनी फार वेळ धरणार नाहीत," त्या म्हणाल्या. "पू बाहेर पडायला हवा. गोव्याला पाठवूया का?"

मी कामत सरांना फोन लावला.

"सर, तात्या. सप्टेंबरातली प्लास्टिकची नळी. बंद पडलीय. शॉकमध्ये चाललेत."

"इकडे पाठवा. मी ओपीडीत आहे."

"दोन तास रस्त्यात. मग तुमच्याकडे बेड, ॲडमिशन, सह्या. संध्याकाळ होईल सर. आणि वाटेत बीपी पडलं तर ड्रायव्हर काय करणार? तुम्ही या."

"सी-आर्म मोकळा आहे?"

"आहे," मी म्हटलं.

नव्हता. सी-आर्म म्हणजे काम चालू असताना आतला एक्स-रे पडद्यावर दाखवणारं मशीन. त्याच्याशिवाय ईआरसीपी होत नाही. आमच्याकडे एकच आहे आणि दुपारी बारापासून ते हाडांच्या डॉक्टरांना दिलेलं होतं. एक आजोबा, खुब्याचं हाड मोडलेले. मी सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, मशीन पाहिजे. एक वाजता."

"शक्यच नाही. माझा पेशंट दोन दिवस ताटकळलाय."

"तुमचं हाड उद्या सकाळीसुद्धा मोडलेलंच असेल सर. माझा माणूस उद्या नसेल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही. शेवटी म्हणाले, "उद्या आठच्या ठोक्याला मशीन माझ्या ऑपरेशन थिएटरात पाहिजे. तुम्ही स्वतः आणून द्यायचं."

"ढकलत आणते," मी म्हटलं, आणि निघाले. आजोबांच्या मुलाची समजूत हाडांच्या डॉक्टरांनीच काढली, हेही सांगायला हवं.

पुढची अडचण भूल देणाऱ्या डॉक्टरांची. ते नवीन, सांगलीकडचे. त्यांनी महेशला विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय का?" महेश म्हणाला, "काही नाही, सर." डॉक्टरांनी तसं लिहूनही टाकलं.

मी विचारलं, "पेज?"

"पेज वाटीभर घेतली निघताना."

कर्म माझं! आमच्याकडे तांदळाची पेज खाण्यात धरत नाहीत. आजारी माणसाला पाणी द्यावं तशी पेज देतात. पण पोटात पेज आणि वरून भूल म्हणजे उलटी होऊन थेट फुप्फुसात जायची. भूलतज्ज्ञांनी कागद फाडला, बेत बदलला. आधी श्वासनलिकेत ट्यूब घालून मग भूल द्यायची ठरवली. "थँक यू, सिस्टर," म्हणाले. "आता इथे सगळ्यांना पेजेचं विचारत जाईन."

एकला पाच मिनिटं कमी असताना कामत सर आले. वीस मिनिटांत दुर्बीण आत होती.

गाठ वाढली होती. आतडं बाहेरून दाबलेलं, दुर्बीण पुढे जाईना. सरांनी वळवून वळवून नेली आणि पडद्यावर जुन्या नळीचं टोक दिसलं. काळपट गाळाने गच्च भरलेलं.

"स्नेअर द्या," सर म्हणाले. स्नेअर म्हणजे तारेचा फास. त्यात नळी पकडून ओढून काढतात.

"सर, आधी वायर."

वायर म्हणजे केसासारखी लवचिक तार. ती आवळलेल्या जागेतून लिव्हरपर्यंत नेऊन ठेवायची. मग तिच्यावरून नवी नळी सरकवता येते. जुनी नळी आधी काढली आणि मग वाट सापडलीच नाही, तर दार बंद. एवढ्या दाबलेल्या जागेत ती सापडेल ह्याची मला खात्री नव्हती.

"वेळ नाहीये सिस्टर. बीपी बघा."

"बघितलं. तरी आधी वायर."

"दुर्बीण कोणाच्या हातात आहे?"

"तुमच्या. वायर माझ्या हातात आहे."

मॉनिटर टीं टीं करत होता. मी घाबरले नव्हते असं नाही. बीपी सत्तरवर आलं होतं आणि मी सरांशी हुज्जत घालत होते.

"बरं," सर म्हणाले. "वायर."

सर दुर्बिणीतून दिशा देतात, तार पुढे-मागे मी करते. आत काय आहे ते बोटांना कळतं. पहिल्यांदा अडकली. दुसऱ्यांदा वाकून परत आली. तिसऱ्यांदा भलतीकडेच शिरली, स्वादुपिंडाच्या नळीत, तिथे तर अजिबात जायचं नसतं. मागे घेतली. "सर, थोडं वर, डावीकडे." चौथ्यांदा जुन्या नळीच्या कडेने टोक शिरलं आणि माझ्या बोटांखालचा अडथळा सुटला. एक्स-रेच्या पडद्यावर तार वर लिव्हरपर्यंत गेलेली दिसली.

"आता स्नेअर," मी म्हटलं.

सरांनी जुनी नळी ओढली, आणि मागोमाग पू आला. हिरवा, पिवळा, घट्ट, भसाभस. एवढा पू बघून कोणाला आनंद होत असेल तर तो आम्हालाच. मग तारेवरून धातूचा स्टेंट सरकवला. ही जाळी असते, आत जाऊन फुलते, प्लास्टिकच्या नळीच्या तिप्पट रुंद. बरेच महिने टिकते. पित्त धो धो वाहायला लागलं. अर्ध्या तासाने बीपी नव्वद, तासाने शंभर.

हातमोजे काढताना सर म्हणाले, "सी-आर्म मोकळा आहे म्हणाला होतात."

"केला की मोकळा."

ते हसले. मी मात्र स्टोअररूममध्ये जाऊन पाच मिनिटं रडले. सुटकेचं रडू नव्हतं ते. हे सगळं टळलं असतं, ह्याचं होतं. कोणी गाफील नव्हतं, औषध चुकलं नव्हतं. ज्याच्या पोटात नळी होती, त्याला ती कशासाठी आहे हे माहीत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे.

तिसऱ्या दिवशी तात्या उठून बसले. पेज मागितली. मला बघून म्हणाले, "खडो परत इलो काय गो?"

दारात महेश उभा होता. त्याने घाईघाईने मान हलवली, नको म्हणून. मी म्हटलं, "शनवारी सर येतले. ते सांगतले तुमका." आणि महेशला बाहेर घेऊन गेले.

"शनिवारी सर खरं सांगणार. मी परत खोटं बोलणार नाही."

"सिस्टर, ते खचतील हो."

"तीन रात्री मरणाच्या दारात कुडकुडत बसले रे ते. शेकोटी पेटवून! त्यांना माहीत असतं तर पहिल्या रात्रीच आले असते. केमोचे तीन महिने गेले ते वेगळेच. तुझ्या आईला तरी सांगितलंयस?"

"नाही."

"मग हे सगळं तू एकटाच घेऊन फिरतोयस?"

तो तिथेच बाकावर बसला आणि हमसून हमसून रडला. मी त्याच्यावर ओरडले होते त्याचं मला वाईट वाटलं. बत्तीस वर्षांचा पोरगा, बापावर माया करण्याची त्याची तीच रीत होती. डोळे पुसून म्हणाला, "सांगू दे सरांना. मी पण बसतो."

शनिवारी सर तात्यांच्या कॉटजवळ स्टूल ओढून बसले. आडवळणाने काही नाही. "तात्या, खडा नव्हता. गाठ आहे, कॅन्सरची. ऑपरेशनने निघणारी नाही. नळी घातलीय ती पित्ताला वाट राहावी म्हणून. औषधांनी गाठ काही महिने थोपवता येईल."

तात्यांनी आपल्या पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले.

"तू खडो म्हणालंस."

"व्हय तात्या. खोटा बोललंय मी. माका माफ करा."

तात्या महेशला म्हणाले, "काजीच्या डोंगराच्यो हद्दी तुका ठाव आसत?"

महेशला कळेना, हे आता काय मध्येच. मला कळलं. आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात, त्यातली अर्धी मुंबईत. कुठली काजू कोणाची, कोणाचा वाटा कुठल्या वहाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, हे कागदावर नसतं. एखाद्या म्हाताऱ्याच्या डोक्यात असतं. ह्यांच्या भावकीत ते तात्यांच्या डोक्यात होतं.

"गावपळणीक सगळी भावकी एकठंय होती," तात्या म्हणाले. "मुंबैवाले, पुण्यावाले, एकूण एक. तीन दिस कोणाक काय काम नाय. डोंगर वेशीच्या भायरच. पयल्या दिसाक माझ्या मनात इल्ला, सगळ्यांका घेवन जावया आणि हद्दी दाखवया. मगे म्हटलंय, घाई कित्याक? मी बरो झालंय. फुडच्या गावपळणीक बगूया."

त्यांनी सरांकडे पाहिलं. "ती तीन-चार वर्सांनी येता. तवसर मी आसंय?"

सरांनी नजर खाली घेतली नाही. "नाही, तात्या."

"मे म्हयन्यात?"

"औषध लागू पडलं तर हो."

"मगे सुरू करा. मे म्हयन्यात मुंबैवाले येतत. माका डोंगर चढाक व्हयो."

खचणं वगैरे काही नाही. मला भडाभडा रडायला येत होतं आणि हा माणूस तारखा लावत होता. तीन आठवड्यांनी कावीळ पुरेशी उतरली, तशी केमो सुरू झाली. उलट्या झाल्या, केस गेले, एकदा रक्तही चढवावं लागलं. दर वेळी मला एकच प्रश्न: "मे म्हयन्यासर पाय चालती ना गो?"

चालले. मे महिन्यात तात्या डोंगर चढले, दर शंभर पावलांना बसत. महेश मागे पाण्याची बाटली आणि चुन्याचा डबा घेऊन. ते बोट दाखवायचे, महेश दगडावर खूण करायचा, भावकीतले जे कोण आले असतील ते मान डोलवायचे. पाच सकाळी लागल्या. पुढच्या गणपतीत त्यांनी घरी बसून आरती म्हटली, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी गेले. नळी शेवटपर्यंत चालू होती, डोळे पांढरे होते.

दिवसकार्य झाल्यावर महेश हॉस्पिटलात आला. थोडा वेळ बसला. जाताना म्हणाला, "सगळ्या हद्दी झाल्या, सिस्टर. एक राहिली, वहाळापलीकडची. तिथले दोघे भाऊ गावपळणीला होते, मे महिन्यात नाही आले. आता ते म्हणतात खूण आमच्यासमोर झाली नाही, आम्ही मानत नाही. कोर्टात जायचं म्हणतायत." मला दोष द्यायला म्हणून तो हे बोलला नव्हता. पण मी तो घेतला.

आता माझ्या रूममध्ये नियम केलाय. नळी घातली की सर पेशंटला सांगतात, नातेवाइकांसमोर. मग मी पेशंटलाच विचारते, "नळी कशाला घातलीय, सांगा बघू." त्याने बरोबर सांगितलं की मगच कार्डावर पुढची तारीख लिहिते.

कॉरिडॉरमध्ये नातेवाईक अजूनही गाठतात. "सिस्टर, त्यांना काही बोलू नका." मी आता वाद घालत नाही. एवढंच विचारते, "त्यांचं काही काम राहिलंय का?"

नाही म्हणणारा अजून कोणी भेटला नाही.